५० हर्ट्झच्या गावातून ७७ गिगाहर्ट्झ: रडार चिप टेपआउट करण्याचा अनुभव

जून २०२५ मध्ये माझ्या रडार चिपची मोजमापं संपली, रिपोर्ट जमा झाला, आणि तेव्हापासून ओळखीतल्या पोरांचे मेसेज यायला लागलेत की मॅडम टेपआउट (चिपचं डिझाइन बनवायला कारखान्यात पाठवणं) नक्की कसं करतात, पैसे किती लागतात, आपल्यासारख्या कॉलेजातून होतं का. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी बडोद्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि सोबत पार्टटाइम पीएचडी करतेय, गाइड सर दुसऱ्या शहरात. आमचं गाव तसं ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींचं. बाबा कलाभवनचे, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० ला काढलेलं तेच, आणि त्यांच्या सगळ्या मित्रांची हयात ५० हर्ट्झवर, म्हणजे घरातल्या विजेच्या फ्रीक्वेन्सीवर, गेली. ७७ गिगाहर्ट्झ म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न होता, "एवढं वायरीतून जातं तरी का?" प्रश्न अगदी बरोबर होता, पुढची दोन वर्षं मी त्याचंच उत्तर शोधत होते.

चिप काय करते ते थोडक्यात. गाड्यांच्या रडारला ७६ ते ८१ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो, भारतात त्यातला ७६-७७ विनापरवाना वापरता येतो. रडार एक चिर्प सोडतं, म्हणजे फ्रीक्वेन्सी सलग वर चढत जाते, गवयाने खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत मींड ओढावी तशी. समोरच्या वस्तूवर आपटून ती परत येईस्तोवर आपण आणखी वर गेलेलो असतो, त्या दोघांतला फरक मिक्सर नावाच्या सर्किटमधून निघतो आणि तो फरक अंतराच्या प्रमाणात असतो. १ गिगाहर्ट्झभर चढलात तर एकमेकींपासून १५ सेंटिमीटरवरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात, ४ गिगाहर्ट्झ चढलात तर पावणेचार सेंटिमीटरवरच्या. हे सगळं पूर्वी गॅलियम आर्सेनाइडच्या महागड्या चिपांवर व्हायचं, २००९ मध्ये बॉशच्या तिसऱ्या पिढीच्या लाँग रेंज रडारमध्ये इन्फिनिऑनची सिलिकॉन जर्मेनियम चिप आली, २०१७ ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ४५ नॅनोमीटर सीमॉसमध्ये, म्हणजे नेहमीच्या कॉम्प्युटर चिपांच्या तंत्रात, अख्खं रडार बसवलं. माझी चिप त्यामानाने अगदी साधी, एक ट्रान्समिटर, एक रिसीव्हर, एक व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) आणि एक डिव्हायडर (फ्रीक्वेन्सी भागणारं सर्किट), २ चौरस मिलिमीटरच्या आत.

जानेवारी २०२३ ला सुरुवात केली तेव्हा पहिला प्रश्न, बनवायची कुठे. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रॉनच्या कारखान्याची घोषणा झाल्यावर घरी येणारा जो तो म्हणायचा, "साणंदला होतंय ना आता, तिथेच करा की." साणंदला मायक्रॉनचं काम असेंब्ली आणि टेस्टिंगचं आहे, तिथे वेफर, म्हणजे ज्यांवर चिपा घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, बनत नाहीत, आणि धोलेऱ्याच्या टाटांच्या फॅबचं, म्हणजे चिप कारखान्याचं, तेव्हा भूमिपूजनही व्हायचं होतं. मोहालीच्या एससीएल या सरकारी सेमीकंडक्टर लॅबमध्ये १८० नॅनोमीटर आहे, शिकायला उत्तम, पण त्या ट्रान्झिस्टरचा दम ५०-६० गिगाहर्ट्झलाच संपतो. म्हणजे परदेशी फाउंड्री, दुसऱ्यांच्या चिपा बनवून देणारा कारखाना. बारीक सीमॉस की १३० नॅनोमीटरचं सिलिकॉन जर्मेनियम, यावर सरांशी बरेच दिवस वाद झाला. सरांचं म्हणणं सीमॉस घे, उद्या नोकरीला तेच लागतं. मी जर्मेनियमवर अडून बसले, कारण पहिल्याच चिपमध्ये व्हीसीओचा फेज नॉइज (फ्रीक्वेन्सीची थरथर) आणि पीएचं, म्हणजे पॉवर अँप्लिफायरचं, ब्रेकडाउन व्होल्टेज (ट्रान्झिस्टर किती व्होल्टेज सोसतो ते) या दोन्हींशी एकदम कुस्ती करायची नव्हती, बायपोलार ट्रान्झिस्टर दोन्हीकडे जरा दयाळू असतो. आजही मी तेच निवडेन.

मग एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार. हा भाग पुस्तकात कुठेच नसतो म्हणून नीट वाचा. पीडीके, म्हणजे फाउंड्रीची मॉडेल्स आणि नियमांची फाइल, एनडीए झाल्याशिवाय मिळत नाही, आणि एनडीएवर सही संस्थेची लागते, तुमची चालत नाही. फेब्रुवारीत मसुदा आला, लीगलवाल्यांनी म्हटलं की वाद झाला तर कोर्ट इथलं पाहिजे, तिकडून उत्तर आलं की आमचा मसुदा सगळ्या जगाला एकच असतो, बदलणार नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मध्ये मे महिन्याची सुट्टी, मग अ‍ॅडमिशनचा गोंधळ. त्यात वेगळा एंड-यूज फॉर्म आला, कारण 'रडार' हा शब्द दिसला की ड्युअल-यूजचे (नागरी आणि लष्करी दोन्ही वापराचे) प्रश्न सुरू होतात, लष्करी वापर आहे का, कोणाला देणार, कुठे ठेवणार. इथे मोघम लिहू नका. वापर नागरी आहे, फ्रीक्वेन्सी कुठली, चिपा किती, प्रकल्पाचे पैसे कुणाचे, सगळं एका पानावर लिहून विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आधीच जोडलं की परत प्रश्न येत नाहीत. आणि कुठलाही कागद ऑफिसात दिला की इनवर्ड नंबर घ्यायचा, तोंडी "ठेवून जा बेन, थई जशे" यावर घरी यायचं नाही. सही व्हायला ऑगस्ट उजाडला.

तेवढे महिने हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, आणि हे मला फार उपयोगी पडलं. जर्मनीतल्या आयएचपी या संस्थेने त्यांच्या १३० नॅनोमीटर सिलिकॉन जर्मेनियम प्रोसेसची पीडीके ओपन सोर्स केलीय, एनडीए नको, सही नको, डाउनलोड करा आणि बसा. एक्सकीम, एनजीस्पाइस, केलेआउट, ओपनईएमएस ही डिझाइनची सॉफ्टवेअरंही सगळी फुकट. मी एप्रिल-मेमध्ये घरच्या लॅपटॉपवर त्यातच एलएनए, म्हणजे रिसीव्हरचा पहिला कमी नॉइजचा अँप्लिफायर, काढून बघितला. ज्यांच्या कॉलेजात एनडीए वगैरे ऐकूनच साहेब लोक दचकतात त्यांनी सरळ इथूनच सुरुवात करा. कमर्शियल टूल्ससाठी, तुमची संस्था सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत असेल तर बेंगळुरूच्या सीडॅकमधल्या चिपइन सेंटरकडून मिळतात, आधी तेवढं विचारून घ्या, स्वतः लायसन्स घ्यायचा विचारही करू नका.

सप्टेंबर २०२३ पासून खरं डिझाइन. आता बाबांच्या वायरीकडे येते. ७७ गिगाहर्ट्झची तरंगलांबी हवेत ३.९ मिलिमीटर, चिपवरच्या ऑक्साइडमध्ये साधारण निम्मी. म्हणजे लेआउटमध्ये एखादी लाइन ५० मायक्रॉन लांब झाली, केसाच्या जाडीएवढी, की फेज ९ अंशांनी सरकते. व्हीसीओचं टँक, म्हणजे फ्रीक्वेन्सी ठरवणारी इंडक्टर-कपॅसिटरची जोडी, बघा: ८० पिकोहेन्रीचा इंडक्टर आणि त्याच्यासोबत फक्त ५३ फेमटोफॅरड, आणि त्यातला बराच हिस्सा ट्रान्झिस्टर स्वतःच खाऊन टाकतो. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, जी रेघ म्हणजे नुसतं कनेक्शन असतं, ती इथे इंडक्टर असते, वरच्या मेटलवरून ट्रान्झिस्टरपर्यंत खाली उतरणारा व्हायांचा (मेटलचे थर जोडणाऱ्या खांबांचा) ढीगसुद्धा इंडक्टर असतो. सर्किट मी दिवाळीपर्यंत संपवलं होतं, उरलेलं जवळजवळ वर्ष वायरींवर गेलं.

पद्धत अशी बसली. प्रत्येक लाइन थिन-फिल्म मायक्रोस्ट्रिप, सिग्नल सगळ्यात वरच्या जाड मेटलवर आणि खाली ग्राउंडची चादर, म्हणजे खालच्या सिग्नल खाणाऱ्या सिलिकॉनला फील्ड दिसतच नाही. आधी तुकडे वेगवेगळे ईएम (इलेक्ट्रोमॅग्नेटिक) सिम्युलेट करायचे, पॅड वेगळा, बालन (एका सिग्नलचे दोन उलटे सिग्नल करणारा ट्रान्सफॉर्मर) वेगळा, व्हीसीओचा इंडक्टर त्याच्या व्हायांसकट वेगळा. सगळं जुळल्यावर व्हीसीओपासून मिक्सरपर्यंतचा पूर्ण एलओचा (लोकल ऑसिलेटरच्या सिग्नलचा) रस्ता एकत्र एकदा तरी चालवायचाच, कारण शेजारच्या दोन इंडक्टरांचं आपसात काय चाललंय ते तुकड्यांत कळत नाही. एक रन रात्रभर चालायचा. एप्रिल-मेच्या उन्हात लॅबचा एसी रात्री बंद ठेवायचा नियम होता, वर्कस्टेशन तापून पहाटे बंद पडायचं, शेवटी लॅबवाल्या काकांनी रजिस्टरमध्ये "प्रयोग चालू" अशी नोंद करायची युक्ती काढली तेव्हा एसी सुरू राहिला.

दोन निर्णय पुढे कामाला आले ते सांगते. एक, व्हीसीओची ट्यूनिंग रेंज हवी त्यापेक्षा भरपूर मोठी ठेवली, खालपासून वरपर्यंत सहा-सात टक्के, फेज नॉइज थोडा बिघडला तरी चालेल म्हणून. दुसरा, चिपवरच ३२ ने भागणारा डिव्हायडर टाकला. बाहेरच्या पीएलएलला, म्हणजे फ्रीक्वेन्सी पक्की धरणाऱ्या सर्किटला, तो लागतोच, पण खरा फायदा असा की ७७ ला ३२ ने भागलं की २.४ गिगाहर्ट्झ येतात, आणि २.४ गिगाहर्ट्झ मोजायला कुठल्याही कॉलेजातला साधा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर पुरतो.

शटलची, म्हणजे अनेकांची डिझाइनं एकाच वेफरवर बनवणाऱ्या फेरीची, तारीख सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर होती, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना सांगायला नको, धोक्याची पातळी २५ फुटांची आणि नदी ३५ च्या वर, अकोट्यात, समाला घराघरांत पाणी आणि रस्त्यात मगरी. आमच्याकडे लाइट नाही, नेट नाही, कॉलेज बंद. डिझाइनचा डेटाबेस सरांच्या सर्व्हरवर रोज रात्री आपोआप जात होता म्हणून निभावलं. पाणी उतरल्यावर नणंदेच्या घरी, तिच्याकडे लाइट आधी आली म्हणून, लॅपटॉपवरून व्हीपीएनने डीआरसीचे, म्हणजे फाउंड्रीच्या लेआउट-नियमांच्या तपासणीचे, एरर काढत बसले, शेजारच्या खोलीत तिच्या भिजलेल्या गाद्या आणि माझ्या स्क्रीनवर मेटल डेन्सिटीचे एरर. हे डेन्सिटीचं प्रकरण नवीन माणसाला रडवतं: फाउंड्रीला प्रत्येक थरावर ठरावीक टक्के मेटल हवंच असतं, रिकाम्या जागी टूल आपोआप छोटे चौकोन भरतं, आणि ते चौकोन इंडक्टरखाली गेले की इंडक्टर बिघडतो. भरू दिलं नाही तर डीआरसी ओरडतं. उपाय म्हणजे इंडक्टरभोवती फिल-बंदीचा थर टाकायचा, त्याच्या बाहेर हाताने जास्तीचं भरायचं, आणि तरी जे उरेल त्यासाठी वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागायचा. वेव्हर मागायला लाजू नका, पण शेवटच्या आठवड्यात मागू नका, तिकडचा माणूस तेव्हा सगळ्या जगाच्या मेलांना उत्तरं देत असतो. जीडीएस, म्हणजे लेआउटची अंतिम फाइल, पाठवल्यावर त्यांच्या तपासणीत सील रिंगच्या (चिपभोवतीच्या संरक्षक कडेच्या) कोपऱ्याचा एक एरर निघाला, तो दुरुस्त करून परत पाठवली आणि "अ‍ॅक्सेप्टेड" असं एका शब्दाचं उत्तर आलं.

आता पैसे. फाउंड्रीचं बिल आम्हाला बारा लाखांच्या आसपास गेलं, त्याशिवाय वायर बाँडिंग (चिप बारीक तारांनी बोर्डला जोडणं), पीसीबी, लॅबचं भाडं, प्रवास वेगळा. पैसे अनुदानाचे, पण परदेशात पाठवायचे म्हणून तेव्हा १५सीए आणि १५सीबी हे आयकराचे फॉर्म लागले, त्यासाठी फाउंड्रीकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, फॉर्म १०एफ आणि भारतात त्यांचं कायमचं ऑफिस नाही असं पत्र. हे कागद तिकडून यायला आठवडे लागतात, कोटेशन मागतानाच मागून ठेवा. हे सेवा आहे की माल, टीडीएस कापायचा की नाही, यावर रावपुऱ्यातले आमचे सीए काका आणि कॉलेजचे अकाउंटंट यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. टीडीएस लागला तर तो आपल्याच बजेटमधून जातो हे लक्षात ठेवा, कारण फाउंड्रीला बिलाची पूर्ण रक्कम हवी असते. आणि अनुदानाचे पैसे ३१ मार्चला परत जातात, चिप मात्र चार-पाच महिन्यांनी येते, त्यामुळे माल आल्यावरच पैसे असा नियम असेल तर आगाऊ रक्कम द्यायची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. मी ती शटल बुक करायच्या आधी घेतली, त्यामुळे त्या बाबतीत तरी शांत झोपले.

फेब्रुवारी २०२५ ला पार्सल निघालं आणि कस्टम्समध्ये अडकलं. आतमध्ये काही ग्रॅमच्या डाय, म्हणजे वेफरमधून कापलेल्या उघड्या चिपा, पण कागदावर "नमुने, व्यावसायिक मूल्य नाही" असं लिहिलेलं, आणि बँकेतून तर लाखो रुपये गेलेले. साहजिकच विचारणा झाली. मग खरी रक्कम असलेलं इन्व्हॉइस, पेमेंटचा पुरावा, चिप म्हणजे काय याचं पत्र, केवायसी, आयईसी (आयात-निर्यात कोड), सगळं परत अपलोड केलं. आयसी, म्हणजे चिपा, कस्टम्सच्या ८५४२ या वर्गात येतात, त्यावर बेसिक ड्यूटी नाही पण १८ टक्के आयजीएसटी लागतो, तो बजेटमध्ये धरा. आणि फाउंड्रीला आधीच कळवा की इन्व्हॉइसवर खरी किंमतच लिहा, मदत म्हणून शून्य लिहू नका. डबा कुणी उघडू नये म्हणून बाहेर धूळ आणि स्टॅटिकचा मोठा स्टिकर लावायला सांगितला होता, तो मात्र सगळ्यांनी पाळला.

मार्चमध्ये दोन चिपा पीसीबीवर बाँड करून आल्या. फक्त सप्लाय, ट्यूनिंग आणि डिव्हायडर बाँडने जोडले, आरएफचे, म्हणजे ७७ गिगाहर्ट्झच्या सिग्नलचे, पॅड मोकळे ठेवले, कारण बाँडवायर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री, आणि ७७ गिगाहर्ट्झला १ नॅनोहेन्री म्हणजे जवळपास ४८४ ओहम, सिग्नल तिथेच मागे फिरतो. कॉलेजच्या जुन्या अ‍ॅनालायझरवर वायर लावली, करंट हळूहळू वाढवला, आणि स्क्रीनवर एक रेघ उभी राहिली. मधल्या व्होल्टेजला २.४ यायला हवी होती, आली २.३३ ला. म्हणजे वर साधारण ७४.६. पहिल्यांदा जिवंत आहे याचा आनंद, मग लगेच पोटात गोळा, मग ट्यूनिंग वर नेलं तर २.४१ पर्यंत गेली, म्हणजे ७७ ला पोचते. मागून गणित केलं तर ८० पिकोहेन्रीच्या टँकमध्ये फक्त ५ जास्त झाले की बरोबर एवढाच फरक पडतो. पाच पिकोहेन्री! असा तीन टक्क्यांचा फरक या फ्रीक्वेन्सीला पडतच असतो, मोठी रेंज त्यासाठीच होती.

एप्रिल ते जून दुसऱ्या राज्यातल्या एका लॅबमध्ये प्रोबिंग, म्हणजे सुईसारखी टोकं थेट चिपवर टेकवून मोजणं. स्लॉट दिवसाच्या भाड्याने, जीएसटी वेगळा, आणि स्लॉट मिळायलाच महिना-दीड महिना, म्हणून चिप कस्टम्समध्ये असतानाच बुक करा. मायक्रोस्कोपखाली १०० मायक्रॉन अंतरावरच्या तीन पॅडांवर प्रोबची तीन टोकं टेकवायची, टेकल्यावर आणखी थोडं दाबलं की टोक पुढे घसरतं आणि अ‍ॅल्युमिनियमवर चकचकीत ओरखडा उठतो, तिन्ही ओरखडे सारख्या लांबीचे दिसले की समजायचं प्रोब सपाट बसलाय. जास्त दाबलं तर लाखाच्या वरचा प्रोब गेला. पहिल्या दिवशी तिथल्या ताईंनी मला फक्त जुन्या वेफरवर टेकव-उचल करायला लावलं, कंटाळले, पण त्यांचं बरोबर होतं. कॅलिब्रेशन सकाळी केलं की दुपारपर्यंत सरकतं, एसीचा झोत केबलवर येत असेल तर त्याच्याही आधी, तेव्हा दर दोन तासांनी थ्रू (दोन प्रोब थेट जोडणारी कॅलिब्रेशनची लाइन) परत मोजून बघा. हार्मोनिक मिक्सरने (वरची फ्रीक्वेन्सी अ‍ॅनालायझरच्या आवाक्यात उतरवणाऱ्या डब्याने) स्पेक्ट्रम बघत असाल तर खोटी शिखरं पुष्कळ दिसतात, सिग्नल आयडी चालू करून खरं कुठलं ते ओळखा, नाहीतर भलत्याच रेघेवर दिवस जातो.

ट्रान्समिटरची पॉवर सिम्युलेशनमध्ये १२ डीबीएम (मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) होती, मिळाली ९. रिसीव्हरचा गेन ठीक. शेवटच्या स्लॉटमध्ये प्रोबच्या वेव्हगाइडला छोटे हॉर्न अँटेना लावले, ३ मीटरवर कोपरा-रिफ्लेक्टर (आलेला सिग्नल त्याच दिशेने परत पाठवणारा धातूचा कोपरा) ठेवला, १०० मायक्रोसेकंदात १ गिगाहर्ट्झचा चिर्प दिला. हिशेबाने फरक २०० किलोहर्ट्झचा यायला हवा. खालच्या टोकाला ट्रान्समिटरमधून सरळ रिसीव्हरमध्ये गळणाऱ्या सिग्नलचा भला मोठा डोंगर होता, आणि त्याच्या उजवीकडे, केबलचा उशीर वजा केला तर बरोबर २०० पाशी, एक टोकदार शिखर. रिफ्लेक्टर हाताने मागे सरकवला की शिखरही उजवीकडे सरकायचं. ते मी बराच वेळ नुसतंच मागेपुढे करत बसले, ताई म्हणाल्या, "मॅडम, डेटा सेव्ह करा आधी, स्लॉट संपतोय."

बाबांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी विचारलं की ही तुमची ९ डीबीएम म्हणजे किती वॉट. ८ मिलिवॉट म्हटल्यावर फोनवरच हसले.

आता युटिलायझेशन सर्टिफिकेटचं, म्हणजे अनुदान कुठे खर्च झालं त्या दाखल्याचं, काम चालू आहे, त्यात ९ डीबीएमचं कुणाला काही पडलेलं नाही, बाँडिंगच्या बिलावर शिक्का नाही याचं पडलंय. माझ्याकडे काही जळालेल्या आणि काही ओरखडे पडून निकामी झालेल्या डाय शिल्लक आहेत. कुणाला स्लॉटवर जायच्या आधी टेकव-उचलचा सराव करायचा असेल तर मेसेज करा, बडोद्यात येऊन घेऊन जा. प्रोब मात्र तुमचे तुम्ही आणा.